गुरूचा आवाज धरणारी तार

मित्रांनो, गच्चीवर दोन बांबूंच्या मध्ये ताणलेली मला पाहून लोक टॉवेल वाळत घालायला येतात. मी एक जुनी तांब्याची तार आहे खरी. पण कपड्यांसाठी मला कोणी इथे बांधले नव्हते. आकाशातल्या गुरू ग्रहाचा आवाज धरणे, हे माझे काम.

मला बांधणारा माणूस रेडिओ दुरुस्त करायचा. त्याची थोरली बहीण, ताई, जन्मापासून आंधळी होती. एकदा शेजारच्या शाळेने दुर्बीण आणली, तेव्हा सारी गल्ली गच्चीवर लोटली. गुरू पाहून जो तो हरखून खाली उतरत होता. ताई जिन्यातच बसून राहिली.

"काय दिसलं रे?" तिने भावाला विचारले.

त्याला सांगता येईना. "दाखवता नाही येणार, ताई," तो शेवटी म्हणाला, "पण ऐकवीन."

त्याने एका जुन्या वेटोळ्यातून मला सोडवले, मधोमध कापले आणि माझ्या टोकांना चिनी मातीचे मणी बांधले. माझ्या पोटातून निघालेली केबल गच्चीवरच्या खोलीतल्या रेडिओला जोडली. पुढे कित्येक पहाटा नुसती खरखर. भाऊ कंटाळायचा, ताई नाही.

आणि एका पहाटे तो आला! आधी लांबच्या समुद्राची गाज, मग पत्र्यावर मूठभर खडे फेकावेत तसा तडतडाट. ताई ताडकन उभी राहिली.

"हाच का तो?"

"हाच. त्याचा आयो नावाचा एक चंद्र आहे. तो ठरावीक जागी आला, की गुरू असा खवळतो."

"केवढा असेल रे!" असे म्हणून ताई हसता हसता रडू लागली. त्या दिवशी मला धन्य वाटले.

पुढे शाळेची मुले यायची. ताई त्यांना रेडिओपाशी बसवून सांगायची, "ही आपल्याच आभाळातली वीज. ही खालची मोटारसायकल. आणि हा बघा, आला आमचा पाहुणा!" मुले माझ्याकडे मान वर करून पाहायची.

मग गल्ली बदलली. उंच इमारती आल्या. घरोघरी स्वस्त दिवे, चार्जर, पंप आले आणि त्या सगळ्यांतून निघणाऱ्या रेडिओ लहरींची घरघर माझ्या अंगावर येऊन बसली. गुरूचा आवाज मुळातच क्षीण, तो त्यात बुडून गेला. भाऊ दारोदार फिरला. "पहाटे तासभर बंद ठेवाल का?"

"तुमचा ग्रह बोलणार म्हणून आम्ही अंधारात बसायचं होय?" लोक हसले. समोरच्या काकूंनी मात्र बिचाऱ्यांनी खरेच सगळे बंद केले. पण एका घराने काय होणार?

ताई रोज वर येऊन बसायची. तिचे बोलणे कमी झाले, जेवण कमी झाले. ते भावाला बघवेना. एका पहाटे त्याने गुपचूप, पूर्वी गुरूचा आवाज भरून ठेवलेली एक जुनी कॅसेट लावली. खोलीत पुन्हा ती गाज उमटली.

ताईचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. "हे आताचं नाही," ती म्हणाली. "मागे आई खोकतेय."

त्यांची आई जाऊन बरीच वर्षे झाली होती. भावाने कॅसेटच्या बटणाकडे हात नेला.

"बंद करू?" त्याने हळूच विचारले.

"नको. आईला ऐकू दे."

कॅसेट संपेपर्यंत दोघे बसून राहिले. नंतर ताई भिंतीला हात लावत खाली गेली, ती पुन्हा वर आली नाही. भावाने रेडिओवर चादर टाकली आणि खोलीला कुलूप लावले.

मित्रांनो, तुमच्या घरात उगाच चालू राहिलेला एखादा दिवा, चार्जर असेल, तर तेवढा बंद करा. त्याने ताईचा गुरू परत येईल असे मी म्हणत नाही. तेवढी आशा मला उरलेली नाही. पण दुसऱ्या एखाद्या गच्चीवर, कोणाचे तरी कान अजून आकाशाकडे लागले असतील.

गुरू अजून खवळतो. त्याचा आवाज माझ्यापर्यंत पोहोचतो, केबलमधून खालीही उतरतो. पलीकडे कोणी नसते.