न गाता चढलेला माड

आमच्या ओनोतोआ बेटावर माडावर चढलेला माणूस गप्प बसत नाही. सकाळी आणि संध्याकाळी पुरुष नीरा काढायला चढतात, पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, कोयत्याने जराशी तासतात, खाली बाटली बांधतात, आणि हे सगळं होईस्तोवर मोठ्याने गातात. खाली कुणी बाई आंघोळ करत असेल तर तिला कळावं, हे एक. पण खरं कारण वेगळं आहे. गाणं मध्येच तुटलं की खालची माणसं हातातलं टाकून धावतात. न गाता माडावर चढणारा एक तर चोर, नाही तर मूर्ख, असं आमच्याकडे लहान पोरंसुद्धा मानतात.

माझा नवरा इताका दोन्ही नव्हता. त्याला न गाता चढायला मी लावलं.

इताकाने अकरा वर्षं परदेशी मालवाहू बोटींवर काढली. मग कंपनीने माणसं कमी केली आणि तो घरी आला. आला तो थेट आजोबांच्या सात माडांवर चढला, जणू मधली अकरा वर्षं नव्हतीच. दीड वर्ष झालं, रोज दोन वेळा चढत होता. एक दिवसही खाडा चालत नाही, पोय सुकते. वेळ पाळणं त्याला बोटीच्या घड्याळाने कधी शिकवलं नाही, ते त्या माडांनी शिकवलं. पहाटे पवित्र शास्त्र वाचायचा, चढायचा, मासे धरायचा, पुन्हा चढायचा, आणि जेवताना असा तृप्त दिसायचा की मला संताप यायचा.

कारण मी तृप्त नव्हते. माझी धाकटी बहीण राजधानीत सिमेंटच्या घरात राहते. तिच्याकडे फ्रीजर आहे, स्कूटर आहे. आमच्याकडे केवड्याच्या चटया आहेत, आणि आहेत सासूबाई.

त्या सोमवारी बोटीच्या कंपनीचं पत्र आलं. जागा आहे, गुरुवारच्या विमानाने या, मंगळवारी सकाळी रेडिओवरून होकार कळवा. मी पत्र दोनदा वाचलं आणि मनातल्या मनात फ्रीजर कुठे ठेवायचा ते ठरवूनही टाकलं. इताकाने एकदाच वाचलं आणि घडी घातली.

"मला नाही जायचं, तबिता."

"का?"

"इथे काय कमी आहे?"

"इथे आहे काय ते सांग ना. मासे आणि नीरा. उद्या मासे आणि नीरा. परवा?"

"परवाचं परवा बघू. प्रभूने आजवर उपाशी ठेवलं का?"

"प्रभूला मध्ये आणू नकोस. आळशीपणाला भक्ती म्हणायची चांगली सोय झालीय तुझी."

हे खोटं होतं, आणि बोलतानाच मला ते माहीत होतं. बेटावर त्याच्याएवढा कामसू माणूस नाही. पण भांडणात हाताला लागेल ते फेकायचा माझा स्वभाव आहे. तो उठून जाळं आवरायला लागला. ते बघून मी आणखी चिडले.

त्याच्या आजोबांनी माडावर म्हणायला एक गीत रचलं होतं. "आजचं आज दिलंस, देवा, उद्याचं तुझ्यापाशी," अशी पहिली ओळ. इताका दुसरं गीत गातच नसे. रोज दोन वेळा, दीड वर्ष, ते "आजचं आज" माझ्या कानावर पडत होतं. दुपारी तो कोयत्याला धार लावत बसला तेव्हा मी म्हटलं, "निदान आज ते गीत नको म्हणूस. वरून मलाच टोमणा मारतोस असं वाटतं. एक संध्याकाळ मला शांतता दे."

त्याने कोयत्याची धार अंगठ्यावर पाहिली. "बरं," म्हणाला आणि बाटल्या घेऊन निघाला.

ऊन कलल्यावर चारी बाजूंनी गाणी सुरू झाली. कुठला आवाज कुणाचा ते आम्हाला न बघता कळतं. उत्तरेला ब्वेरे, घसा फाडून. चर्चमागे म्हातारा तेमाकू, अर्धं गीत आणि अर्धा खोकला. मी चुलीवर मासे ठेवले आणि ऐकत बसले. त्यात इताकाचा आवाज नव्हता. बरं झालं, असं मी मनात म्हटलं. तेवढा वेळ मला खरंच बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

मग एकेक गाणं संपत गेलं. ब्वेरे उतरला. तेमाकू उतरला. सूर्य खाडीच्या पाण्याला टेकला. इताका आला नव्हता.

"इताका कुठे गेला?" सासूबाईंनी चटई विणता विणता विचारलं.

"रेडिओच्या खोलीवर गेला असेल."

"कोयता घेऊन?"

मी खुंटीकडे पाहिलं. कोयता नव्हता.

"आज त्याचं गाणं ऐकलं नाही मी," त्या म्हणाल्या. त्यांचे हात थांबले होते. "माझे कान गेले म्हणायचे की तो गायलाच नाही?"

मी मासे चुलीवरून उतरवले आणि निघाले. अंगणात चालत गेले, कारण सासूबाई बघत होत्या. वळणापुढे धावले.

घराजवळच्या तीन माडांवर कुणी नव्हतं. तिन्हींच्या पोया ताज्या तासलेल्या होत्या आणि बाटल्या बदललेल्या होत्या. म्हणजे इथून तो पुढे गेला होता. उरलेले चार माड बाहेरच्या समुद्राच्या बाजूला, अळूच्या खाचरांपलीकडे. तिथे घर नाही. वारा पूर्वेचा होता आणि खडकावर लाटा अशा फुटत होत्या की मला माझीच हाक ऐकू येईना. एरवी त्या बाजूला गाणं तुटलं तरी वाटेवरच्या कुणाच्या तरी ध्यानात येतं, इताका का थांबला म्हणून माणूस वळून बघतो. आज थांबायला काही सुरूच झालं नव्हतं. तो तिथे आहे हे साऱ्या गावात फक्त मला माहीत होतं.

चौथ्या माडाखाली हाक मारली. काही नाही. पाचव्याखाली मारली. सहाव्याखाली दोन बाटल्या पडल्या होत्या, एक फुटलेली. अळूच्या एका पानावर थेंब होते. नीरा सांडली असेल म्हणून मी बोट लावलं. बोट लाल झालं.

वर पाहिलं. इताका झावळ्यांच्या बेचक्यात बसला होता. उजव्या हाताने एक झावळी कवटाळलेली, डावा हात रक्त थांबावं म्हणून काथ्याच्या दोरीने मनगटापाशी करकचून बांधलेला, आणि मान छातीवर.

"इताका!"

मान हलली. "ओरडू नको," तो म्हणाला. वाऱ्यातून तुटक तुटक ऐकू आलं. "हात कापलाय. एका हाताने उतरता येत नाही. जरा बसतो."

"किती वेळ झाला?"

"झोप येतेय, तबिता."

तो माड सहा पुरुष उंच आहे. गाव धावत दहा मिनिटांवर, आणि यायला पुन्हा दहा. तेवढ्यात त्याचा डोळा लागला तर झावळीवरचा हात सुटणार. गेले तर तो पडतो, थांबले तर त्याला उतरवणारं कुणी नाही. मी बुंध्याला हात लावून नुसती उभी राहिले आणि देवाशी सौदा करू लागले. फ्रीजर नको, देवा. सिमेंटचं घर नको. बहिणीचं नाव पुन्हा काढणार नाही. याला तेवढा खाली आण.

आणि तिथेच मला स्वतःची लाज वाटली. मी देवाला काय देऊ करत होते? जे माझं नव्हतंच, ते. आणि मागत होते ते दुपारपर्यंत माझ्या घरात होतं, कोयत्याला धार लावत बसलं होतं, आणि मी त्याला गप्प बस म्हटलं होतं.

मग मी गायले. विचार करून नाही. त्याला जागं ठेवायचं होतं आणि मला दुसरं गीत सुचेना.

"आजचं आज दिलंस, देवा," मी बेंबीच्या देठापासून ओरडले. माझा गळा कावळ्याचा आहे, चर्चमध्ये मला मागच्या रांगेत बसवतात. "पुढचं तू म्हण, इताका! मला येत नाही!"

येत होतं. दीड वर्ष ऐकत होते.

बऱ्याच वेळाने वरून आलं, "उद्याचं तुझ्यापाशी."

"मोठ्याने! लाटा आहेत इथे!"

एक ओळ मी, एक ओळ तो. पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात त्याची ओळ उशिरा आली. तिसऱ्यात आलीच नाही. मी तीच ओळ पुन्हा म्हटली, पुन्हा म्हटली, आणि बुंध्यावर दगडाने ठोकू लागले. "इताका, ओळ चुकलास तर आजोबा काय म्हणतील?" तेव्हा कुठे वरून दोन शब्द आले. मी पुन्हा पहिल्यापासून धरलं.

आता आमच्याकडे बाई माडाखाली उभी राहून नीरेचं गाणं गात नाही. तेही सगळे पुरुष उतरल्यावर, दिवेलागणीला. वारा माझ्या बाजूचा होता, गावाकडे वाहणारा. नंतर कळलं, चर्चच्या अंगणात कुणीतरी म्हणालं, तबिताला वेड लागलं. म्हातारा तेमाकू म्हणाला, "वेड लागलेलं नाही. वर कुणीतरी आहे." आणि ब्वेरे जाळ्याची दोरी खांद्यावर टाकून धावला.

ब्वेरे चढला तेव्हा आमचं गीत चौथ्यांदा चाललं होतं. चढता चढता तोही ते गाऊ लागला, सवयीने. दोरी इताकाच्या काखेतून घालून ब्वेरेने त्याला इंचाइंचाने खाली सोडलं. खाली चौघे होते. मी एका पायाला धरलं आणि तो जमिनीला टेकल्यावरही सोडलं नाही.

"सोड आता, पाय मोडशील त्याचा," तेमाकू म्हणाला.

दवाखान्यात नर्सबाईंनी नऊ टाके घातले. अंगठा वाचला, नशीब समजा, म्हणाल्या. कोयता हाडापर्यंत गेला होता. आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी विचारलं, "इतक्या वर्षांचा हात तुझा. असा कसा चुकला?"

"पोय दिसेना. डोळ्यांत पाणी होतं." तो छताकडे बघत होता. "सकाळी होकार कळव, तबिता. मी जातो बोटीवर. माड चढतानाच ठरवलं होतं. एकेका माडाचा निरोप घेत होतो. गायचं नव्हतं, म्हणून नुसता हात लावत होतो."

हेच वाक्य ऐकायला मी दीड वर्ष त्याचं डोकं खात होते. आता ते मिळालं, आणि मला रडू फुटलं. टाक्यांच्या हातावर डोकं ठेवायला गेले तर तो कळवळला, म्हणून उशीवर ठेवलं.

"सकाळी मीच रेडिओवर जाते," मी म्हटलं. "नको म्हणून सांगते."

"दया आली म्हणून म्हणतेस. आठवड्याने पुन्हा भांडशील."

"भांडेन. पण दया तुझी नाही आली. माझीच आली."

तो हसला, आणि मग झोपला. नर्सबाई म्हणाल्या, आता झोपू दे.

सकाळी मी रेडिओवरून नको कळवून आले. त्या संध्याकाळी त्याला घरी आणलं. सकाळ-संध्याकाळ ब्वेरे आमच्या सातही माडांवर चढला होता, घसा फाडून गात. सासूबाईंनी कालच्यासारखेच मासे केले होते, तसाच नीरफणस भाजला होता, नीरेची काकवी वाटीत काढली होती. जेवणाआधीची प्रार्थना आमच्याकडे इताका म्हणतो. तो म्हणाला, "आज तबिता म्हणेल. माझं डोकं गरगरतंय."

आम्ही डोकी खाली घातली. मी सुरुवात केली, "हे प्रभू." प्रार्थना मला नीट येते. माझ्या प्रार्थना लांब असतात, कारण माझी यादी लांब असते. देवाला मी दर वेळी सगळं क्रमाने सांगते. त्या दिवशी मी डोळे मिटून यादी शोधत बसले. इताकाचा श्वास ऐकू येत होता. सासूबाईंच्या बांगड्या वाजत होत्या. मी पुन्हा म्हटलं, "हे प्रभू." पुढे मागायला काही सुचेना.

"तबिता," सासूबाई हळूच म्हणाल्या, "मासे थंड होतायत."

"आमेन," मी म्हटलं, आणि आम्ही जेवलो.