यतीची शिट्टी

"आजी, यती, म्हणजे तो हिममानव, तुम्ही स्वतः पाहिलात?" शहरातून आलेल्या पाहुण्याने वही उघडत विचारलं.

यांगजीने उकडलेला बटाटा सोलून त्याच्या पुढ्यात ठेवला. "पाहिला नाही रे बाबा, शिट्टी ऐकली. तेव्हा मी अठराची, वरच्या कुरणात एकटी याक राखत होते. यती आला की उतारावरून खाली पळायचं. उतरताना त्याचे केस डोळ्यांवर येतात, मग त्याला काही दिसत नाही. मी जी धूम ठोकली, ती थेट ह्यांच्या झोपडीत!"

चुलीपाशी बसलेला तिचा नवरा काल्देन पोट धरून हसायला लागला. "पन्नास वर्षं झाली, आता सांगून टाकतो. शिट्टी मीच मारली होती! आडवाटेने पळत तुझ्या आधी घरी पोचलो."

ह्या कबुलीची यांगजी कधीची वाट बघत होती. तिने सावकाश त्याच्या पेल्यात लोण्याचा चहा ओतला.

"ते मी तिथेच ओळखलं होतं. शिट्टी मारून यती कधी खोकतो का?"

काल्देनचं हसू थांबलं. "मग पळालीस कशाला?"

"भिऊन पळाले असते, तर वाटेत आधी माझ्या मामाची झोपडी लागत होती."