रेडिओच्या पोटातली गोष्ट

त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, आणि ते काही लाडानं ठेवलेलं नाव नव्हतं. सकाळी त्याच्या सलूनचं शटर वर गेलं की हा सुरू, तो शेवटचा टॉवेल दोरीवर पडेपर्यंत बंद म्हणून नाही. कोणाचं जमलं, कोणाचं फिसकटलं, कोणी टक्कल झाकायला टोपी घेतली, सगळं त्याच्याकडे ताजं. एक पथ्य मात्र पाळायचा. नाव घ्यायचा नाही. "एका ओळखीच्याचं सांगतो हं," अशी सुरुवात करायचा. मग खुर्चीतलं गिऱ्हाईक आणि बाकावरची मंडळी मिळून तो ओळखीचा कोण, हे हुडकून काढायची. पाच मिनिटांत नाव निघायचंच. वर हा म्हणायला मोकळा, "मी नाही बुवा सांगितलं!"

आता अशा माणसाला तिनं ते सांगावं, याला धाडस म्हणायचं की वेडेपणा?

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दोघांचं लग्न ठरून पंधरा दिवस झाले होते. दुपारच्या सुट्टीत दुकानामागच्या बाकावर दोघं बसली, पण तिनं डबा उघडला नाही.

"मला हेपटायटिस बी आहे," ती म्हणाली. "लिव्हरचा. जन्मतःच आईकडून आलाय. मी ठणठणीत आहे, दर सहा महिन्यांनी तपासणी करते. पण नवरा-बायकोत तो लागू शकतो. तुला लस घ्यावी लागेल. नको वाटत असेल तर आत्ताच सांग, मी राग धरणार नाही."

रेडिओच्या तोंडचं पाणी पळालं. तरी तो म्हणाला, "घेतो की लस. त्यात काय?"

"आणखी एक. मागे एका ठिकाणी ठरत आलं होतं. त्यालाही सांगितलं होतं. आठ दिवसांत त्याच्या सगळ्या गोतावळ्यात झालं. बायका माझ्या हातचं पाणी घेईनात. तसं पुन्हा झालं ना, तर मी कोणाशीच लग्न करणार नाही." मग थोडं हसून म्हणाली, "आणि बघ, सांगतेय कोणाला!"

त्याला ते लागलं. चांगलंच लागलं. पण बोलायला तोंड कुठं होतं?

दवाखान्यातली सिस्टर खमकी बाई होती. "तीन डोस," तिनं बजावलं. "आज, महिन्यानं, आणि सहाव्या महिन्यात. नंतर रक्त तपासून बघायचं, संरक्षण तयार झालं की नाही ते. आणि काय रे, वस्तरा चालवतोस, रोज कोणाचं ना कोणाचं रक्त निघतं, अजून घेतली कशी नाहीस?"

"कोणी सांगितलंच नाही."

"तुम्हा पुरुषांना सांगायला बँडबाजा लावायचा का? वय काय? पंचवीस? मग एचपीव्हीचीही घे."

"ती मुलींची, गर्भाशयाच्या कॅन्सरवरची असते ना?"

"आजार मुलींना काय आकाशातून येतो? तो पुरुषांकडूनही जातो. आणि पुरुषांनाही त्यानं घशाचा, खालच्या जागेचा कॅन्सर होऊ शकतो. शर्टाची बाही वर कर."

पुरुषांच्या भानगडींवर सलूनमध्ये दिवसभर टाळ्या घेणारा हा गडी तिथं लाल होऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. त्या सगळ्या विनोदांत एकाही शहाण्यानं असल्या उपयोगाची गोष्ट कशी काढली नाही, हे तेव्हा पहिल्यांदा त्याच्या मनात आलं.

लग्न सहा-सात महिने पुढं ढकललं. आईला सांगितलं, दुकानाचं काम काढलंय. आई म्हणाली, "आरसा बदलायला सहा महिने?" याच्या मात्र तोंडात मिठाची गुळणी.

पहिले तीन महिने बरे गेले. पण ज्याच्या तोंडात कधी तीळ भिजला नाही, त्यानं एवढी मोठी गोष्ट आत ठेवायची म्हणजे खायची गोष्ट आहे का? झोपेत बडबडेन म्हणून तो आईच्या शेजारच्या खोलीत झोपायलाही घाबरायला लागला. शेवटी चौथ्या महिन्यात एका रविवारी दुकान भरलेलं असताना त्यानं माती खाल्ली. खुर्चीत निवृत्त मास्तर होते, गालांना फेस. गप्पा ओसरल्या होत्या. शांतता याला सोसेना. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"एका ओळखीच्याचं सांगतो हं. त्याच्या होणाऱ्या बायकोला जन्मापासून लिव्हरचा आजार. पण तिनं आधीच सांगितलं, आणि हा पठ्ठ्या गपचूप लस घेतोय. तिसरी झाली की लग्न. आहे ना मर्द?"

बाकावरचे दोघे सरसावून बसले. हुडकायचा खेळ सुरू झाला.

"लग्न पुढं ढकललेलं कोण आहे आपल्यात?" एकजण म्हणाला.

मास्तर आरशातून त्याच्याकडे बघत होते. पस्तीस वर्षं पोरांच्या चोऱ्या पकडलेली नजर ती. "रेडिओ," ते हळूच म्हणाले, "तुझंही लग्न लांबलंय की रे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आरशात सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. त्याला बाकावर न उघडलेला डबा दिसला, तिचं ते थोडंसं हसणं दिसलं. आणखी अर्धा क्षण, आणि तिचं नाव या दुकानातून निघून गावभर झालं असतं.

"मीच तो," तो म्हणाला. "पण मी उलटं सांगितलं, लाज वाटली म्हणून. आजार तिला नाही, मला आहे. लस ती घेतेय."

 मग बाकावरचा एकजण डोळा मारत म्हणाला, "कुठं गेला होतास रे बाहेर?"

नाही म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग त्याच्या पुढचा. तो मान खाली घालून मास्तरांची उरलेली दाढी करत राहिला. मास्तरांनी मात्र खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

आठवड्याभरात दुकान ओस पडलं. प्रत्येकाला नवं ब्लेड, तेही गिऱ्हाइकाच्या समोर कागदातून काढलेलं, ही याची पहिल्यापासूनची शिस्त. पण ऐकतो कोण? घरी आईनं काही न बोलता त्याचं ताट-वाटी वेगळी केली. "आई, जेवणातून नाही लागत गं," तो म्हणाला. आईनं पदर डोळ्यांना लावला आणि वाटी वेगळीच ठेवली. तेव्हा मात्र त्याला फार वाईट वाटलं. एक वाक्य बोललं की सगळं सरळ झालं असतं. आणि तेच एक वाक्य त्याचं नव्हतं.

मास्तर तेवढे येत. पण पेपर वाचायला. बाकावर बसत, खुर्चीत नाही. दाढीची खुंटं वाढलेली, तरी नाही. त्यांच्या सोबतीला कधी एखाददुसरा रिकामटेकडा.

तिला ते कळलं तिच्याच दुकानात. एक म्हातारा भिंगातून अक्षरं वाचता वाचता म्हणाला, "त्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊ नका कोणी. त्याला लिव्हरचा घाणेरडा रोग आहे. लस होणारी बायको घेतेय बिचारी." तिनं त्याचा नंबर काढून दिला, पर्स उचलली आणि तडक निघाली.

सलूनच्या दारात ती उभी राहिली तेव्हा आत तिघंच होते. रेडिओ पुसलेला आरसा परत पुसत होता. मास्तर आणि आणखी एकजण पेपराची पानं वाटून घेऊन वाचत होते.

"दुकान रिकामं का?" तिनं विचारलं.

"असंच. दिवस मंदीचे आहेत," तो म्हणाला.

"खोटं बोलायलासुद्धा येत नाही तुला."

ती मास्तरांकडे वळली.  "काका, आजार मला आहे. मी जन्मले तेव्हापासून. यानं फक्त लस घेतलीय, माझ्यासाठी. दोन डोस झाले, तिसरा पुढच्या महिन्यात. हा कुठंही बाहेर गेला नव्हता. तुम्हाला कोणाला सांगायचं असेल तर माझं नाव घेऊन सांगा."

"अगं!" रेडिओच्या हातातला फडका पडला. "कशाला बोललीस? मी जिवाच्या करारानं ठेवलं होतं गं!"

"माझं होतं, मी सांगितलं," ती म्हणाली. "तुझं काम ते ठेवायचं होतं. ठेवलंस."

सोबतचा माणूस पेपराआड तोंड लपवून बसला.  मास्तरांनी चष्मा काढून खिशात टाकला, उठले आणि खुर्चीत जाऊन बसले.

"दाढी कर," ते म्हणाले. "महिनाभर माझा मूर्खपणा वाढलाय हा. आणि ती लस या वयात मला चालते का, तेही विचारून ठेव त्या सिस्टरला."

रेडिओनं टॉवेल झटकून त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळला. फेस केला. नवं ब्लेड त्यांच्यासमोर कागदातून काढलं. वस्तरा गळ्याशी नेला. नाक ओढलं.

"अरे, बोल की काहीतरी," मास्तर आरशातून म्हणाले. "गळ्याशी वस्तरा आहे, तू गप्प असलास की भीती वाटते."

ती बाकावर बसली, पर्समधून डबा काढला आणि उघडला. रेडिओ त्या दिवशी दाढी संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही.