बावड्याचा मुराळी

“तुझं उघडं दार काय चालत जातंय व्हय बावड्याला, लेकीकडं?” धोंडुबाईनं कुंपणापलीकडून विचारलं.

पिराजी चर्चला निघाला होता. आठवडाभर मिशनच्या दवाखान्यात रक्ता-पुवाच्या पट्ट्या उकळणारा हा माणूस रविवारी धुतलेला कोट घालून पहिल्या बाकावर बसे.

“आमच्यात लेकीला आणायला मुराळी जातो,” शेजारीण सोडेना. “भाऊ न्हाय तर बाप. त्याबिगर लेक माहेरचा उंबरा चढत न्हाय.”

“आमच्या देवानं कुणाला दोरी लावून वडलेलं न्हाय, धोंडुबाई. ज्यानं त्यानं आपल्या मर्जीनं परत यावं. बाप वाट बघतो.”

“बघ वाट! काल भणीकडं गेलते बावड्याला. तुझ्या पोरीचा हात मोडून वाकडा बसलाय. सासू म्हनती, हिला इचारायला कुत्रं बी येत न्हाय.”

मार्था ही पिराजीची एकुलती, आईवेगळी लेक. बावन्न साली ती कसबा बावड्याच्या आकारामबरोबर लग्न करायला निघाली, तेव्हा पिराजी एवढंच म्हणाला होता, “जायाचं तर जा. देव अडवत न्हाय, मग मी कोण?” पाळकसाहेबांनी ही गोष्ट उपदेशात सांगितली. प्रेम असावं तर असं! मंडळी गहिवरली. तेव्हापासून पिराजी दाराला कडी लावत नसे, आणि त्याचा त्याला थोडा तोराही होता.

देवाला वाट बघायला अनंतकाळ आहे. मार्थाला सासू होती.

त्या रविवारी पहिल्या बाकावरची त्याची जागा मोकळी राहिली.

बावड्यात मार्था परड्यात शेणी थापत बसली होती. उजवं मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं. सासू दारातूनच म्हणाली, “या पावणं! वाट चुकलासा जणू?”

“लेकीला न्यायला आलोय.”

मार्था उठली नाही. “कोण मेलं?”

“कोण न्हाय. चल घरला. दार उघडंच हाय तुझ्यासाठी, पहिल्या दिवसापासनं.”

“मला काय ठावं, आबा? दर सणाला गल्लीतल्या समद्या सुनांचे मुराळी आले. मी सासूला सांगितलं, किरिस्तावात मुराळी नसतो. नाताळाला बी सांगितलं. मग सांगायचं बी सोडलं.”

“तुझ्या मर्जीवर सोडलं हुतं मी.”

“व्हय. त्या दिवशी उंबऱ्यात मी किती येळ चप्पल घालत हुते, बघितलंसा न्हवं? एकदा ‘जाऊ नको’ म्हणला असतासा, तर पाय घरात घेतला असता.”

पिराजीला ती चप्पल दिसली. तेव्हाही दिसली होती. आपण किती निश्चल उभे राहिलो, याचंच त्याला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “आता म्हणतो. चल.” आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं तिला हाताला धरून ओढलं. नेमकं तेच मनगट. ती कळवळली. त्यानं सोडलं.

“आता माझी मर्जी ऐका,” मार्था शांतपणे म्हणाली. “मी येत न्हाय. हितल्या माराची सवय झालीया. तुमच्या मायेची न्हाय व्हायची आता.”

सासू फिस्सकन हसली. “ऐकलंसा पावणं? जावा सुकानं.”

पिराजी गेला नाही. त्यानं कोट काढून कुडावर टाकला, बाह्या सारल्या आणि लेकीच्या शेजारी उकिडवा बसला. ढिगातून शेणाचा गोळा घेतला, भुसा मिसळला, थापला. बायकांचं काम, शेणी वेडीवाकडी झाली.

मार्थानं ती उपटून पुन्हा ढिगात टाकली.

त्यानं दुसरी थापली. तीही तिनं टाकली.

“लई गुणाचा मुराळी मिळाला की गं तुला,” सासू दाराला टेकून बसत म्हणाली. “उद्या बी या हां, पावणं. लई पडलंय शेण.”

पिराजीनं मान डोलावली आणि तिसरा गोळा घेतला.