माझ्या पाठीतला खळगा

मी एक जुना लेथ आहे. लेथ म्हणजे काय, असं खुशाल विचारा मित्रांनो. मला चौकस मुलं आवडतात. लोखंडाची सळई माझ्या चकात, म्हणजे फिरत्या पकडीत, घट्ट धरतात, ती गरगर फिरते आणि माझ्या पाठीवरून सरकत येणारं हत्यार तिला सोलत जातं. तुमच्या विहिरीवरच्या पंपाचा दांडा असाच कुणा लेथवर घडलेला असतो.

माझा जन्म कुठला, ते मला ठाऊक नाही. कारखान्याच्या नावाची पितळी पाटी कोणीतरी काढून नेली. १९६२ साली कासारवाडीच्या एका वर्कशॉपात आलो, तेव्हाच मी जुना होतो. तिथे मला कोंडीराम टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर, भेटला. सतरा वर्षं मला त्याच एका माणसाचा हात लागला. शिफ्ट सुरू होताना तो मला नमस्कार करी. तेल मात्र मालकाला आठवलं तरच मिळे!

आमच्याकडे काम एकच, वीतभर लांबीच्या पिना, म्हणजे लोखंडी खुंट्या. त्यामुळे चकाजवळची तेवढीच पाठ घासून तिथे खळगा पडला, चकाकडे जास्त खोल. हत्यार तिथे आलं की किंचित मागे सरे आणि पिन चकाकडच्या टोकाला केसभर जाड राही. पण गंमत ऐका. नेमकं तिथेच कोंडीरामचा अंगठा हत्याराचं हँडल जरासं आत रेटायचा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि आपण असं करतो हे त्याला माहीतही नव्हतं. पिन सरळ निघे. लोक म्हणत, "हात असावा तर कोंडीरामसारखा!" मी आपला ऐकून घ्यायचो.

१९७९ साली वर्कशॉप बंद पडलं. मला भिंतीकडेला टाकलं. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. कोंडीराम कुठे गेला, कळलं नाही.

पुढच्या वर्षी कुरुळीचा ज्योतीराम मला घेऊन गेला. तो एका कंपनीत मापं तपासायचा आणि त्याला जुने लेथ जमवायचा नाद होता. त्याच्या शेडमध्ये मी तिसरा. त्याची बायको केसरबाई म्हणाली, "मानसं म्हशी पाळत्यात, तुमी लोखंड पाळताय. दूध कवा द्यायचं ह्यानं?"

आठ महिने दर रविवारी तो माझी पाठ हाताने खरवडून सपाट करत होता. खळगा वीतभरच का, याचं त्याला भारी कुतूहल. शेवटी जुन्या मालकाकडे चौकशी करून त्याने कोंडीरामला शोधून काढलं आणि शेडमध्ये आणलं. पण कोंडीराम माझ्यापासून दूरच उभा राहिला.

"माझा हात गेलाय, भाऊ," तो म्हणाला. "वर्कशॉप बंद पडल्यावर येका कंपनीत कामाला गेलो, तितं नव्या मशीनवर टेस्ट घेतली. पिन येका टोकाला बारीक झाली. नापास केलं. तवापास्नं मशीनला शिवलो न्हाई."

ज्योतीरामने फारच आग्रह केला, तेव्हा त्याने एक पिन कातली. ज्योतीरामने केसभर फरकही दाखवणारा मायक्रोमीटर लावला. चकाकडचं टोक बारीक!

"बघा. गेला हात," म्हणून तो उठला.

"दादा, थांबा. आणखी एक काढा, मी नुसता बघतो."

दुसरी पिन निम्मी झाली आणि ज्योतीराम ओरडला, "अंगठा का रेटलात?"

"कुटं रेटला?"

"आत्ता, इथं! दादा, इथं खळगा होता. सतरा वर्षं तुम्ही तो अंगठ्यानं भरून काढलात. आता खळगा नाही, नव्या मशीनलाही नव्हता. अंगठ्याला कोण सांगणार?"

तिसरी पिन कातताना कोंडीरामने तो अंगठ्याचा हात स्वतःच्या पाठीमागे धरला. हत्यार आपलं आपण चालत राहिलं. पिन दोन्ही टोकांना सारखी निघाली.

कोंडीराम खाली बसला. "दोन वरसं मी ह्या हाताला शिव्या दिल्या रं," म्हणाला आणि तोच हात डोळ्यांना लावून रडला. मित्रांनो, मला शरमेने वितळून जावंसं वाटलं. खोट माझ्यात होती आणि नापास तो झाला.

म्हणून एकच मागतो. तुमच्या घरात, शाळेत एखादं यंत्र चुकत असेल, तर ते वेळीच दुरुस्त करा. नाहीतर कुणीतरी भला माणूस त्याची चूक मुकाट्याने आपल्या अंगावर घेत राहतो, आणि त्याचं त्यालाही कळत नाही.