माहेरी जायचं विमान

ज्या दिवशी दीपमाला गेली, त्या दिवशी अकोल्यात सगळ्यांना सकाळीच कळलं होतं. तिच्या नवऱ्याला तेवढं दुपार उलटल्यावर कळलं.

सुगत तेव्हा अमरावतीला घराच्या मागच्या खोलीत एका लाकडी दांड्याला पॉलिश पेपर मारत बसला होता. मेव्हण्याचा, प्रीतमचा फोन आला.

"भाऊजी, ताईले ॲडमिट केलं. जरा सिरियस हाय. या तुमी. पन सावकाश या."

आपल्याकडे फोनवर 'जरा सिरियस' म्हटलं की काय समजायचं, ते शेंबड्या पोरालाही कळतं. सुगतनंही नात्यातल्या लोकांना असंच बोलावून घेतलं होतं. पण स्वतःवर वेळ आली की अक्कल गहाण पडते. त्याला वाटलं, सलाइन लावून पडली असेल, डॉक्टरवर चिडली असेल. तिला बरं वाटावं म्हणून स्टँडवर जाताना तो राजकमल चौकात उतरला आणि तिनं कधीचं सांगून ठेवलेलं लाल झाकणाचं विजेचं बटण विकत घेतलं. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा त्यानं कचोरी खाल्ली. चांगली लागली म्हणून आणखी एक मागितली.

अकोल्यात प्रीतमच्या दारासमोर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या दिसल्या, तेव्हा त्याच्या हातात बटणाची पिशवी होती आणि तोंडाला कचोरीची चव. त्या कचोरीबद्दल त्यानं प्रीतमला माफ केलं नाही.

अमरावतीच्या घरी मागच्या खोलीत विमान होतं. म्हणजे विमानाचं तोंड, पायलट बसतो तेवढं. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावरून विमान सुरू झालं तेव्हा सगळी गल्ली बघायला गेली होती. दीपमाला घरी येऊन म्हणाली, "तिकीट काढून मागं बसन्यात काय हाय? बसमधी बी मागंच बसतो आपून. चालवनाऱ्याच्या खुर्चीत बसलं पायजे."

"बस मंग. कोन नाई म्हनते?"

"तुमी बनवून द्या."

ती ब्लाउज शिवायची. हा पाणीपुरवठ्यातला निवृत्त नळ फिटर. लेकीचा जुना कॉम्प्युटर घरात होता, त्यावर विमान चालवायचा खेळ घातला. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून बाकीचं जुळवत आणलं. प्लायवूडचा डबा, भंगारातल्या मारुतीची सीट, समोर पडदा. विमानाचं स्टिअरिंग सुगतनं पीव्हीसी पाइप आणि एल्बोचं केलं, ते पुढंमागं सरकावं म्हणून त्याखाली ड्रॉवरचे चॅनल बसवले. पायातल्या फळ्यांना बिजागऱ्या लावल्या. वायरिंग दीपमालाचं. ती सोल्डरिंग शिकली ती त्याच्या आधी, आणि त्याच्यापेक्षा साफ शिकली. वायरी सगळ्या काळ्याच मिळाल्या होत्या, एका जुन्या बंडलातल्या. मग तिनं शिवणाच्या दोऱ्याच्या खुणा केल्या. वायरीच्या या टोकाला जो रंग, त्या टोकाला तोच. डाळिंबी चाकांचा, मोरपंखी दिव्यांचा, हळदी पंखांवरच्या फ्लॅपचा. कोणता रंग कशाचा, ते तिच्या डोक्यात.

शेजारच्या माणिकबाई दारातूनच विचारायच्या, "दीपमाला, इमान दारातून काढता का छत फोडता?"

"तुमच्याच छतावरून नेतो, वाळवनं उचलून घ्या," ही आतून सांगायची.

पहिलं उड्डाण ठरलेलं होतं. बेलोऱ्याहून उडायचं आणि अकोल्याला शिवणीच्या धावपट्टीवर उतरायचं. "माह्या गल्लीतली एक बी बाई विमानानं माहेरी गेली नाई," ती म्हणायची. फक्त थ्रॉटल राहिला होता. इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा. त्याच्या बुडाशी जुन्या रेडिओचा आवाजाचा नॉब बसवायचा होता. नॉबच्या तीन पायांना जोडायच्या तीन वायरींना दोरे बांधून ती अकोल्याला भाचीच्या साखरपुड्याला गेली. जाताना म्हणाली, "तुमी दांडा घासून ठेवा. मी आली का टाका मारते. तुमी हात लावू नका, जाळून ठेवसान."

दीपमालाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम अमरावतीच्या घरी झाला, त्यासाठी प्रीतम येऊन राहिला होता. दुसऱ्या दिवशी सुगत लेकीला आणि जावयाला बडनेऱ्याला रेल्वेत बसवून आला. परत आला तर मागची खोली धुऊन काढलेली. फरशी चकचकीत. भिंतीशी खोके रचलेले, वर दोरी बांधलेली. मारुतीची सीट अंगणात. प्रीतम पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून झाडू आपटत होता.

"हे कोनं केलं?"

"मीच केलं, भाऊजी. रोज रोज हे पाहून तुमाले तरास होईन. काही फेकलं नाई. सगळं नीट भरून ठेवलं."

सुगतनं एक खोका उघडला. वायरी काढून, गुंडाळून, प्रत्येक वेटोळ्याला चिकटपट्टी मारलेली होती. सगळ्या काळ्या.

"दोरे कुठं हायेत?"

"कायचे दोरे?"

"वायरीले दोरे होते."

"ते व्हय? चिंध्यांसारखे लटकत होते. काढून टाकले. कचऱ्याची गाडी येऊन गेली ना मघा."

सुगत खाली बसला. मग उठला. त्याचा आवाज चढला नाही, म्हणून प्रीतमला ते जास्त लागलं.

"मले तरास नको. लय काळजी तुमाले माह्या तरासाची. त्या दिवशी बी मले तरास नको म्हनून सावकाश या म्हनला. मी सावकाश आलो. कचोऱ्या खात आलो. बायको मरून पडली अन् मी चटनी मागून राह्यलो होतो."

"भाऊजी, तुमी बसमधी एकटे. रस्त्यात काही झालं असतं मंग?"

"झालं असतं तर माहं झालं असतं. ते मरन माहं होतं, प्रीतम. तुहं नव्हतं झाकून ठेवाले."

प्रीतमनं झाडू भिंतीला टेकवला. त्यालाही राग आला होता. बहीण त्याचीही गेली होती.

"आमी काय मजा करून राह्यलो होतो? पहाटेपासून ताईच्या छातीत दुखून राह्यलं होतं. साखरपुड्याचं जागरन, तळलेलं खाल्लं. आमाले वाटलं ॲसिडिटी. इनो देल्ला. ताई म्हने तुमाले फोन लाव, आमी म्हनलं कायले घाबरवतं त्यायले, दुपारी तं जाऊनच राह्यली तू..."

तो थांबला. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"ती फोन लाव म्हनली?"

"व्हय."

"कितीक वेळा?"

प्रीतमनं वर केलेला पायजमा खाली सोडला.

"काय सांगाचं होतं तिले?"

"काही वायरीचं म्हनत होती. कोनती वायर मधात लावाची, असं काई. मले नाई समजलं, भाऊजी. मी म्हनलं, झोप आता."

सुगतनं अंगणातून सीट उचलून आत आणली. जड होती, प्रीतम हात लावायला पुढं झाला.

"हात नको लावू."

"एखादा इलेक्ट्रॉनिकवाला आनतो मी. एका दिवसात जोडून देईन."

"तू अकोल्याले जाय. गाडी हाय आत्ता." मग सीट ठेवून म्हणाला, "घरी पोचला का फोन कर. पन खरं सांगजो."

प्रीतम पिशवी घेऊन गेला. तो पोचला, पण त्यानं फोन केला नाही.

त्यानंतर सुगतनं डबा पुन्हा उभा केला. टॉर्चचा बल्ब आणि सेल घेऊन एकेका वायरीचं दुसरं टोक शोधलं. माणिकबाई चहा घेऊन यायच्या, त्यांच्याशीही तो धड बोलत नसे. कुणी 'झालं ते झालं' म्हटलं की उठून जाई. चाकं आता वरखाली होतात. दिवे लागतात. स्टिअरिंग ओढलं की पडद्यावर विमानाचं नाक हलतं, पण विमान बेलोऱ्याच्या धावपट्टीवरच उभं असतं. लाल झाकणाचं बटण बसवलं आहे. दांडा घासून तयार आहे.

थ्रॉटलच्या तीन वायरी जोडायच्या राहिल्या आहेत.