सरपणाची बाजू

मासुनोने दोरी वर उचलली आणि ती वाकून सरळ पलीकडे गेली.

"अहो आजी, दोरीच्या आत जायचं नाही!" ओरिबे मास्तर धावत आले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते नगरपालिकेने जपलेल्या या जुन्या घरात बघायला येणाऱ्या लोकांना माहिती सांगायचे.

"मला अडवता? याच घरात नांदले मी. बावीस वर्षं!"

घराचं गवती छप्पर यंदा नव्याने शाकारलं होतं, म्हणून नगरपालिकेने जुन्या घरमालकांना बोलावणं धाडलं होतं. मासुनो आपल्या सुनेला, चिसातोला, बरोबर घेऊन आली होती. छप्पर तिने अंगणातूनच निरखलं. झकास झालंय, म्हणाली. मग ती मधल्या खोलीतल्या, जमिनीत खोदलेल्या चौकोनी शेगडीशी आली, आणि तिथल्या पाट्या वाचून तिचं टाळकंच सरकलं.

शेगडीच्या चार बाजूंना चार पाट्या होत्या. घरधन्याची जागा. घरधनिणीची जागा. पाहुण्यांची जागा. आणि चौथी, दाराकडच्या बाजूला: 'इथे सरपण ठेवत.'

"सरपण?" मासुनोने पाटीवर बोट आपटलं. "इथं मी बसायचे, मास्तर! ही सुनेची बाजू. वारा पाठीत, धूर डोळ्यांत. सगळ्यांना वाढायचं आणि मग उरलीसुरली खरवड खायची. मी काय ओंडका होते?"

फोटो काढणाऱ्या दोन बायकांनी मोबाइल खाली केले.

"सरपणही असायचंच की तिथं," मास्तर चाचरत म्हणाले.

"असायचं ना! माझ्या मांडीला लागून. ते दिसलं आणि मी नाही दिसले?"

"रागावू नका. आम्ही हे मनाने नाही लिहिलं. घर नगरपालिकेला दिलं, तेव्हा इसोनोबाईंनी स्वतः एकेक जागा दाखवून सांगितलं होतं."

इसोनो म्हणजे मासुनोची सासू. ती जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. मासुनोची कानशिलं तापली.

"रोज समोर बसलेली असायचे मी तिच्या," ती म्हणाली. "रोज! आणि सांगायची वेळ आली तेव्हा हिला लाकडं आठवली! बदला ती पाटी. आत्ताच्या आत्ता."

"परस्पर नाही बदलता येत हो. लेखी द्या, मी समितीपुढे ठेवतो." मास्तरांनी कागद आणि पेन्सिल आणून दिली.

मासुनोने कागद सुनेकडे सरकवला.

"लिही गं चिसातो. 'इथे घरची सून बसायची. सगळ्यांच्या शेवटी जेवायची.' लिहिलंस?"

"हो, आई."

"बास, एवढं पुरे."

पण चिसातोची पेन्सिल थांबली नाही. गुडघ्यांवर बसून, मान खाली घालून ती लिहीतच राहिली. मासुनोने कागद ओढून घेतला आणि हात लांब करून वाचला.

'तिने पहिला घास उचलला, की कुणाचा तरी रिकामा वाडगा पुढे यायचा. आंघोळीला तिचा नंबर शेवटचा. तोवर पाणी गार झालेलं असायचं. तुला काय आवडतं, असं तिला कुणी विचारलं नाही.'

"हे कधी सांगितलं मी?" मासुनो म्हणाली. "आणि या घरात न्हाणी होतीच कुठे? आम्ही शेजारच्यांकडे जायचो आंघोळीला."

"हो, आई," चिसातो म्हणाली. तिने सासूच्या हातातून कागद हलकेच काढून घेतला आणि दोन्ही हातांनी मास्तरांना दिला.

दोघी बसने घरी परतल्या.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी येऊन ती भाताच्या कुकरशेजारच्या, मागच्या दाराकडच्या खुर्चीत बसली. तिचा मुलगा तादाओ टीव्ही बघत होता.

"आई, तुमची जागा तिकडे, खिडकीपाशी..." चिसातो म्हणाली.

"आज तू बस तिथं."

"पण..."

"बस म्हटलं ना!"

चिसातो खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. थोड्या वेळाने मासुनोने खांदे आखडले. दाराच्या फटीतून गार वारा येत होता.

"हे दार नीट लागत नाही का गं?"

"नाही."

"कधीपासून?"

"मी या घरात आले तेव्हापासून. अठरा वर्षं झाली."

तेवढ्यात एक रिकामा वाडगा मासुनोच्या नाकासमोर आला. तादाओचे डोळे टीव्हीवरच होते.

"भात," तो म्हणाला.

मासुनोने वाडग्याला हात लावला नाही.

"हात मोडलेत का तुझे?" ती कडाडली. "ऊठ. आणि आधी तिला वाढ."